पाय कुठे करू?

बसा, बसा, तुम्ही बसा. मी उठत नाही म्हणून रागावू नका, का उठत नाही ते येईलच पुढे, आधी घड्याळ बघून घ्या तेवढं... किती? साताला पाच कमी? बरं. तर तुम्हाला सांगतो, पाय वर करा म्हणे! अहो करतो ना, नाही कोण म्हणतंय, पण कुठे करू? कुठल्या बाजूला? ते काही त्या डॉक्टरअम्मांनी सांगितलं नाही. त्यांनी चिठ्ठीवर लिहिलं, दिवसातून तीन वेळा, वीस-वीस मिनिटं, दोन्ही पाय छातीपेक्षा वर. गोळ्या द्याव्यात तसे पाय दिले, सकाळी एकदा, परत आल्यावर एकदा, झोपताना एकदा. वर म्हणाल्या, नेमानं केलंत तर जखम भरेल, नाहीतर... आणि त्या 'नाहीतर'च्या पुढे त्यांनी पेनाला टोपण लावलं. डॉक्टर बोलता बोलता थांबून टोपण लावतात ना, तेव्हा राहिलेलं आपण समजून घ्यायचं असतं.

आमचं नाव गुरुमूर्ती राव. मूळचे तंजावरचे मराठी, राहायला इथं मद्रासच्या पश्चिम तांबरमला, नोकरी त्यागराय नगरात साड्यांच्या दुकानात. पहिला मजला, मुहूर्ताच्या साड्या, डावीकडून दुसरं काउंटर. तिथं मी वीस वर्षं उभा आहे. लोक म्हणतात ना, अमक्या ठिकाणी वीस वर्षं 'आहे', तसं नाही. उभा म्हणजे उभा. सकाळी साडेनऊ ते रात्री साडेआठ, अनवाणी, मोझाइकच्या फरशीवर, कारण चपला खाली काढायच्या. एका जागी. चाललो असतो तरी बरं, चालून मी एव्हाना काशीला पोचून परत आलो असतो. पण काउंटरमागे चालायला जागा किती? अडीच पावलं, आणि परत अडीच पावलं.

आणि सुरुवातीला असं नव्हतं बरं का! पंच्याहत्तर साली मी लागलो तेव्हा दुकानात गाद्या होत्या, वर पांढरीशुभ्र चादर. गिऱ्हाईक बसायचं, आम्ही बसायचो, मध्ये साड्यांचा डोंगर, मुलीची आई पाय पसरून, आजी लोडाला टेकून, कॉफी यायची, चार तासांनी साडी ठरायची आणि सगळेच गुडघ्यावर हात ठेवून 'कृष्ण, कृष्ण' करत उठायचे. मग आमचे मुदलाळी, मालकाला इकडे मुदलाळी म्हणतात, सिंगापूरला जाऊन आले. माणसानं सिंगापूरला जाऊन घड्याळ आणावं, रेडिओ आणावा. ह्यांनी काउंटर आणलं. काचेचं. गाद्या गेल्या, गिऱ्हाइकाला गोल स्टुलं आली, आणि आम्हाला? आम्हाला पाय होतेच की. मुदलाळींचं म्हणणं एकच, विकणारा बसला की धंदा झोपतो. झालं. त्या दिवसापासून उभा. इतका उभा, की तांबरमला गाडी सुटते तिथंच मी चढतो, अख्खा डबा रिकामा असतो, आणि मी दांडीला धरून उभा! लोक म्हणतात, सार, जागा आहे. मी म्हणतो, असू दे, सवय मोडायला नको.

किती झाली मिनिटं? तीनच?

तर पायाचा रंग. घोट्याच्या वर, आतल्या अंगाला, रुपयाएवढा डाग. पहिल्यांदा पाहिला तो कनकानं, आमच्या पत्नीनं. पाहिला आणि म्हणाली, अहो, साडीचा रंग लागलाय. आता साडीवाल्याच्या घरात दुसरं काय वाटणार? कोणाच्या पायाला डाग पडला तर माणसं डॉक्टरकडे जातात, आमच्याकडे चिंच आली. चिंचेनं घासला, मग लिंबाच्या फोडीनं, मग शिकेकाईनं, मग नारळाच्या काथ्यानं. डाग हलेना. आणि मला काय वाटावं? मला वाटलं, वा, पक्का रंग आहे! खरं सांगतो. उतरत नाही म्हणजे माल चांगला, एवढीच माझी अक्कल. दुकानात जाऊन मी नव्या गठ्ठ्यातली एक-एक साडी ओल्या फडक्यावर घासून पाहिली. कांचीपुरमहून माल घेऊन येणारा विणकर होता त्याला बाजूला घेऊन विचारलं, काय हो, हा तुमचा लाखेचा रंग सुटतोय का? इकडे त्याला अरक्कू म्हणतात, लाखेसारखा, काळपट तांबडा. तो बिचारा हात जोडून म्हणाला, अय्या, माझ्या आजोबांनी रंगवलेली साडी अजून सुटली नाही. मी म्हणालो, मग माझ्या पायाला काय झालं? तो म्हणाला, साडी तर तुम्ही खांद्यावर टाकून दाखवता. रंग पायाला कसा लागेल?

हे मला दोन वर्षं सुचलं नव्हतं बघा.

पण तोवर सवय झाली होती. डाग वाढत होता, आम्ही घासत होतो. आधी कॉफी, मग वांगी, मग अस्सल अरक्कू. गेल्या वर्षी मद्रासचं चेन्नई झालं, सगळ्या पाट्या रंगवल्या, तेवढ्यात माझेही पाय रंगून झाले, त्यांची बातमी कुठे आली नाही. संध्याकाळी पाय असे जड, की जिना चढताना वाटायचं दुसऱ्याचे पाय उचलून नेतोय. कनका म्हणायची, मुदलाळींना एक स्टूल तरी मागा हो. एवढंच म्हणायची. दागिना नाही, बनारसची यात्रा नाही. साड्यांच्या दुकानातल्या माणसाची बायको, पण साडी मागितली नाही कधी. स्टूल मागा. मी म्हणायचो, बघू. पोंगल झाल्यावर बघू. लग्नसराई झाल्यावर बघू. मद्रासमध्ये लग्नसराई कधी संपते?

ती गेली त्याला अडीच वर्षं झाली. नऊ दिवस आजारी होती. इस्पितळात व्हरांड्यात मी उभाच होतो. मागे बाकडं होतं. बसावं असं सुचलंच नाही.

असो. मिनिटं बघा बरं. सात? बरं बरं.

मग ह्या वर्षी आडी महिना आला, आपला आषाढ हो, इकडे त्यात कापडाचा सेल लागतो, आणि माणसं अशी येतात की जणू उद्यापासून सूतच पिकणार नाही. त्या गर्दीत एका लाकडी पेटीचा कोपरा घोट्याला घासला. एवढंसं खरचटलं. नखाएवढं. पण तीन आठवडे झाले तरी भरेना, वाढत गेलं, पाणी यायला लागलं. मग आमची मुलगी महालक्ष्मी, कॉलेजात शिकते, तिला मराठी समजतं सगळं पण राग आला की तमिळ येतं, ती मला धरून घेऊन गेली डॉक्टरअम्मांकडे. त्यांनी वेष्टी, आपलं धोतर हो, वर करायला लावली, पाय पाहिले, आणि पहिला प्रश्न काय? उभं राहण्याचं काम करता? मी म्हणालो, साडीचा रंग आहे तो. त्या म्हणाल्या, हा साडीचा नाही, तुमच्या रक्ताचा आहे.

मग त्यांनी समजावलं. रक्त पायात उतरतं ते आपलं आपण, पण वर चढायचं तर त्याला ढकलावं लागतं. माणूस चालला की पोटरी ढकलते. शिरांमध्ये छोटी छोटी दारं असतात, चढलेलं रक्त परत खाली येऊ नये म्हणून. तुम्ही वीस वर्षं एका जागी उभे, पोटरी स्वस्थ, रक्ताचं ओझं सगळं त्या दारांवर, ती सैल झाली. रक्त खाली साचतं, कातडीखाली झिरपतं, त्यातलं लोखंड तिथंच राहतं, त्याचा हा रंग. म्हणजे मी गंजलोय! आणि आम्ही गंजाला चिंच लावत होतो... लावतात म्हणा गंजाला चिंच, पण ती पितळेच्या समईला. तर घट्ट पट्टी बांधा, चाला, एका जागी उभं राहू नका, आणि पाय वर करा.

करतो हो. पण कुठे करू?

आमचं घर म्हणजे पोर्शन. घरमालकाच्या घराचा एक तुकडा, एक खोली, एक स्वयंपाकघर, मधून जायला वाट. आणि ह्या खोलीत कोण राहतं? मी, महालक्ष्मी, आणि आमचे मामा. मामा म्हणजे सासरे, जयतीर्थाचार. वय ब्याऐंशी. सासरे जावयाकडे राहतात हे ऐकून लोक भुवया उंचावतात, पण कनका गेल्यावर कुंभकोणमला त्यांचं कोण होतं? आणि इथं आमचं तरी कोण होतं? ते आले. येताना देव घेऊन आले आणि दिशाही घेऊन आले. त्याआधी ह्या घराला नुसत्या भिंती होत्या.

पहिल्या दिवशी मी चटई टाकली, पाय उचलून पूर्वेच्या भिंतीला लावले. खाटेवरून आवाज आला, "देव." खरंच की, पूर्वेला देव्हारा. गुरुस्वामींचं चित्र. त्यांच्या तोंडावर पाय! फिरलो. पश्चिमेला पाय केले, तर तिथं मामांची खाट, आणि खाटेवर मामा. त्यांनी आपले पाय जवळ ओढून घेतले, आणि मला लाज वाटली. वडीलधाऱ्याकडे पाय? फिरलो. उत्तरेला दार. दार उघडं ठेवलं तर अंगणात घरमालकांचं तुळशीवृंदावन, आणि घरमालकीण मामी प्रदक्षिणा घालतायत, प्रत्येक फेरीला त्यांना तुळस दिसायची आणि माझे तळवे दिसायचे. तिसऱ्या फेरीला त्यांनी महालक्ष्मीला हाक मारून विचारलं, अप्पांना बरं आहे ना? दार लावलं तर मामा म्हणाले, दाराआड असली तरी तुळस तुळसच की. राहिली दक्षिण. दक्षिणेला पाय म्हणजे डोकं उत्तरेला, आणि तसं माणसाला कधी निजवतात ते तुम्हाला सांगायला नको. तिकडे यम. भिंतीवर गेलेल्यांच्या तसबिरी, मामांनीच लावलेल्या, आमचे वडील, आजोबा, आणि कनका. चार भिंती आणि चारीकडे कोणी ना कोणी! मी विचारलं, मामा, मग पाय करू कुठे? ते म्हणाले, "जांवई, पायांची जागा खाली असते."

महालक्ष्मी म्हणाली, अप्पा, माडीवर जा. माडी म्हणजे इकडे गच्ची. गेलो. कठड्याला पाय लावले. वर आकाश, शांत, म्हटलं इथं तरी कोणी नाही. आणि आली की विमानं! तांबरमला हवाईदलाचा तळ, शिकाऊ पोरं विमान फिरवायला शिकतात. एक आलं, वळलं, पुन्हा आलं, आणखी खालून गेलं. तुम्हाला सांगतो, मला घाम फुटला. आत बसलेल्याला वाटलं असेल हा माणूस खाली उतरायची खूण करतोय. पाय काढून घेतले आणि खाली आलो.

मग दुकानात. दुपारी गिऱ्हाईक कमी असतं, मी गोदामात गेलो, गठ्ठे रचलेले होते, त्यावर पाय टाकले आणि डोळे मिटले. किती बरं वाटलं म्हणून सांगू, पायातून मुंग्या उठून वर निघाल्या, जणू वीस वर्षं अडकलेली माणसं घरी निघालीत. डोळे उघडले तर समोर मुदलाळी. ओरडले नाहीत. गठ्ठ्याकडे बोट दाखवलं. मुहूर्ताच्या साड्या. कोणाच्या तरी मुलीच्या लग्नाची साडी, लक्ष्मी, आणि तिच्यावर माझी टाच! मी कानाला हात लावले. ते हळूच म्हणाले, गुरुमूर्ती, घरी जा, पाय बरे करा. आयुधपूजेच्या दिवशी, आपली खंडेनवमी हो, काउंटरमागे उभे दिसलात तर काउंटर तुमचं. नाहीतर खाली चपला सांभाळायला बसा.

चपला! बावीस वर्षं मुलींच्या आयांना जरीचा पोत दाखवला, साठ साड्या उलगडल्यावर पहिलीच कशी चांगली होती ते न हसता ऐकून घेतलं, आणि आता चपलांचे बिल्ले द्यायचे? तिथं बसायला स्टूल असतं हे खरं. पण माणसाला स्टूल हवं असलं म्हणून काय चपलांत बसायचं?

किती झाली? बारा? होतील होतील.

रजा मिळाली, पण पंधरा दिवस असेच गेले. ह्या भिंतीकडून त्या भिंतीकडे, कोपऱ्याकडे तिरके पाय करून पाहिले, तर मामा म्हणाले कोपऱ्यालाही अधिपती असतात. चैन पडेना, झोपलो तर उठावंसं वाटे, उठलो तर पाय फुटतील असं वाटे. जखम आठ आण्याएवढी होती ती रुपयाएवढी झाली. महालक्ष्मी रोज पट्टी बदलायची.

एका सकाळी तिची परीक्षा होती, ती गेली, आणि पट्टी सुटली. मी वाकून बांधायला लागलो तर हात पोचेना. मामा खाटेवरून उतरले. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू, लांबचं धूसर दिसतं, माझे पाय त्यांनी कधी नीट पाहिलेच नव्हते, वेष्टी असते ना खालपर्यंत. ते खाली बसले, तोंड अगदी जवळ आणून पाहू लागले. मी म्हणालो, मामा, नको, तुम्ही माझ्या पायांना... ते ऐकेनात. त्यांनी बोट फिरवलं त्या रंगावरून. खालपासून वरपर्यंत. मग म्हणाले,

"हे पाय मी धुतलेत."



"मांडवात. तुमच्या सासूनं पाणी घातलं आणि मी धुतले. गोरे होते. नारायण म्हणून धुतले होते, जांवई." आणि मग बराच वेळ पट्टी बांधत बसले. वाकडीतिकडी, सैल. बांधून झाल्यावर म्हणाले, "दक्षिणेला करा."

मी म्हणालो, मामा, तिकडे यम.

"यम आता एकटा नाही तिकडे," मामा म्हणाले. "आपली कनका आहे. ती बघेल."

मग त्यांनी स्वतः चटई ओढली. दक्षिणेच्या भिंतीला पाय लावून मी आडवा झालो, डोकं उत्तरेला, वर तसबिरीत कनका. वडील आणि आजोबा तेवढ्यापुरते काढून कपाटात ठेवले, त्यांनी मनाला लावून घेऊ नये म्हणून. कनकाची तसबीर राहू दिली. ती तशीही माझे पाय घासत आली होती.

पण मामा ते मामा. एक अट घातली. म्हणाले, असा निजलेला माणूस पाहून यमाच्या दूतांचा घोटाळा व्हायला नको, त्यांनाही रोज किती कामं. तेव्हा पाय दक्षिणेला असेपर्यंत गप्प राहायचं नाही. बोलत राहायचं. आवाज आला की त्यांना कळेल, हा अजून आहे.

आता कळलं का मी इतका का बोलतोय? पडल्या पडल्या, पाय भिंतीवर, पाहुण्यांना नीट नमस्कारही न करता? अहो, दिवसातून तीन वेळा वीस मिनिटं एवढं बोलायला आणायचं कुठून! दम घ्यायला थांबलो की ते बघा, खाटेवरून काठी येते खांद्याला. हो मामा, बोलतोय, बोलतोय. आज तुम्ही आलात म्हणून बरं, एरवी मी तिच्याशीच बोलतो. कोणतं गिऱ्हाईक आलं, कोणी कोणता रंग घेतला, महालक्ष्मी काय म्हणाली, सगळं सांगतो. ती होती तेव्हा मी घरी यायचो तो जेवून आडवा व्हायचो, दिवसभर बायकांशी बोलून बोलून तोंड शिणलेलं असायचं. ती विचारायची, आज काय झालं? मी म्हणायचो, काय व्हायचंय.

तर जखम भरली. आयुधपूजेच्या चार दिवस आधी. डॉक्टरअम्मांनी पाहिली आणि ह्या वेळी टोपण लावलं नाही, नीट बोलल्या. म्हणाल्या, रंग जाणार नाही, पण जखम मिटलीय, आता पाय वर करणं जन्मभर सोडू नका. मी म्हणालो, जागा मिळाली आहे.

आयुधपूजेला दुकानात कापड मोजायच्या गजांना, कात्र्यांना, काउंटरला सगळ्यांना गंध लावतात, तिथं मी उभा. मुदलाळी आले. मला पाहिलं, माझ्या पट्टीकडे पाहिलं. आणि खरं सांगतो, माणूस वाईट नाही, त्यांचे डोळे जरा ओलावले. मागं वळून म्हणाले, खालचं ते स्टूल आणा रे, गुरुमूर्तींच्या काउंटरमागे ठेवा. चपलांपाशी होतं तेच. पुसून आणलं, गंध लावलं, माझ्या मागे ठेवलं. वीस वर्षं! माझ्या मनात काय आलं ते मी सांगत नाही. मी हात जोडले, वेष्टी सावरली, आणि गुडघे वाकवणार एवढ्यात मुदलाळी म्हणाले, आता वरच्या फळीवरच्या साड्या काढायला तुम्हाला टाचा उंचावायला नकोत. त्यावर उभे राहत जा.

त्या संध्याकाळी घरी आलो, पाय वर केले आणि तिला सांगितलं, दिलं गं स्टूल. मग पुढचंही सांगितलं. तसबिरीतल्या माणसाला काय, तोंड एकदा जसं काढलं तसंच. पण असती ना, तर हसता हसता खाली बसली असती. घरात एकीला तरी बसता यायचं.

किती झाली हो? वीस झाली? झाली म्हणता? मग द्या जरा हात. दुकानाला जायची आठ-वीसची गाडी आहे... रिकामी असते, तुम्हीही चला, तुम्हाला बसायला जागा मिळेल.